दुसऱ्या टर्मिनलवरून हुकूम

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातील भोजनाच्या मेजावर फिरणारी चांदीची आगगाडी, जिच्यावरील सुरई उचलताच ती थांबे, ज्यांना ठाऊक आहे, त्यांना चालत्या प्रोग्रॅमला बाहेरून थोपविण्याचे नवल वाटू नये. एकाच स्मृतीवर एकाच वेळी राबणारे अनेक थ्रेड पडदा अडवून बसले, तरी लिनक्सवर दुसरे टर्मिनल उघडून, प्रोसेसचा क्रमांक देऊन, 'किल' हा हुकूम सोडता येतो. नाव क्रूर, पण तो नुसता संकेत पोहोचविणारा जासूद: 'स्टॉप'ने सारे थ्रेड तहकूब होतात, 'कंटिन्यू'ने पूर्ववत चालू लागतात, 'टर्मिनेट' आवराआवरीची सवड देतो. मात्र आलेला संकेत कोणत्या थ्रेडच्या हाती पडेल याचा नेम नसल्याने, जाणते लोक इतरांना तो स्वीकारण्याची मनाई करून एकालाच, दप्तरातील टपाल-कारकुनासारखे, त्याच्या प्रतीक्षेत बसवितात.