पान २१४ वरचं प्रेत

दरवर्षी मंडळाच्या गणपतीत, आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत, आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "तुम्ही बॉशमध्ये ना?" नाही. "मग डाइमलरमध्ये?" तिथेही नाही. "आम्ही प्रकाशन कंपनीत आहोत," असं सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर आदर पसरतो, कारण त्याला मौज, पॉप्युलर असं काहीतरी आठवतं. "म्हणजे यंत्रशास्त्राची नियतकालिकं आणि संदर्भग्रंथ" एवढा खुलासा केला की तो आदर हळूच मोदकाकडे वळतो. संपादकांनी "एकदा सगळं लिहूनच टाका" असा तगादा लावला, म्हणून हा प्रपंच.

आम्ही पुण्यात मेकॅनिकल केलं आणि २००६ साली मास्टर्ससाठी कार्ल्सरूहला आलो. डिग्री हातात पडली ती नेमकी २००८ च्या मंदीत. मोटारीच्या कंपन्या असलेल्याच माणसांना अर्धवेळ कामावर बसवत होत्या, नवी भरती कसली करताहेत! तेव्हा शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला एक वर्ष मिळायचं. ते संपत आलं असताना एका तांत्रिक प्रकाशन कंपनीची जाहिरात दिसली. इंजिनिअर हवा, जर्मन आणि इंग्रजी लिहिता आलं पाहिजे. 'तात्पुरतं करू' म्हणून २००९ च्या शरदात चिकटलो, ते आजतागायत. कंपनीचं नाव इथे घेत नाही. दक्षिण जर्मनीतलं एक छोटं गाव, समोर द्राक्षांचे मळे, एवढं पुरे.

या धंद्याची गंमत आमच्या वडिलांना फोनवर समजावून सांगायला एक अख्खा रविवार लागला. शास्त्रज्ञ लेख लिहितो, त्याला मानधन नाही. दुसरे दोघे-तिघे शास्त्रज्ञ तो तपासतात, त्यांनाही नाही. मग आम्ही तो छापतो आणि त्याच शास्त्रज्ञांच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला विकतो. वडील थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अरे, हा धंदा मला का नाही सुचला?" (ते आयुष्यभर बँकेत होते.)

हा प्रश्न जर्मन विद्यापीठांनाही पडलाच. त्यांनी एकजूट करून 'डील' नावाच्या मंचातर्फे मोठ्या प्रकाशकांशी वाटाघाटी केल्या. वायलीशी २०१९ मध्ये करार झाला, स्प्रिंगर नेचरशी २०२० मध्ये, आणि एल्झेव्हियरशी कित्येक वर्षांच्या अबोल्यानंतर २०२३ मध्ये. आता वाचायचे पैसे मोजण्याऐवजी छापण्याचे मोजायचे आणि लेख सगळ्या जगाला फुकट. स्प्रिंगरच्या करारात लेखामागे २,७५० युरो ठरले होते. तेव्हा, धंदा बुडाला असं काही कुणी समजू नये.

स्प्रिंगरचा विषय निघालाच आहे तर थोडं विषयांतर. १८४२ साली युलियुस स्प्रिंगरने बर्लिनमध्ये पुस्तकांचं दुकान काढलं, त्यातून हे घराणं उभं राहिलं. त्यांचं 'डी नाटुरविसेन्शाफ्टन' हे नियतकालिक १९१३ पासून आर्नोल्ड बर्लिनर या गृहस्थांनी नावारूपाला आणलं. ते ज्यू होते. १९३५ मध्ये त्यांना संपादकपदावरून काढलं, आणि १९४२ मध्ये, बर्लिनमधून हाकलून देण्याची वेळ आली तेव्हा, त्यांनी जीव दिला. नियतकालिक पुढेही निघत राहिलं. आपल्याकडची दुसरी आठवण मात्र सुखाची आहे. सत्येंद्रनाथ बोस यांनी ढाक्याहून इंग्रजीत लिहिलेला लेख आइनस्टाइनने स्वतः जर्मनमध्ये उतरवला आणि १९२४ साली तो 'त्साइटश्रिफ्ट फ्यूर फिजिक'मध्ये छापून आणला. बोसांचं प्रूफ कुणी तपासलं असेल, असा विचार आमच्यासारख्याच्याच मनात येणार.

तर आमचं काम. पहिल्या दिवशी आम्हाला एका बाईंच्या शेजारी बसवलं. त्या तेव्हा पन्नाशीच्या, तरुणपणी खिळे जुळवणाऱ्यांच्या हाताखाली शिकलेल्या. आम्हाला वाटलं होतं, इंजिनिअर आहोत, समीकरणं तपासू. बाईंनी आधी प्रूफाच्या खुणा शिकवल्या आणि मग छापखान्याची भाषा. एखादा शब्द चुकून दोनदा छापला गेला तर त्याला जर्मन जुळारी 'होखत्साइट' म्हणतात, म्हणजे लग्न. शब्द गळाला तर 'लाइखं', म्हणजे प्रेत. भलत्याच वळणाचा टाइप मध्येच घुसला तर 'कांद्याचा मासा'. एकही चूक नसलेलं पान म्हणजे 'कुमारिका'. परिच्छेदाची शेवटची ओळ एकटीच पुढच्या पानाच्या माथ्यावर गेली तर तिलाही नाव आहे, पण हे मासिक घरात मुलंही वाचतात.

अशी आठ वर्षं गेली. बाई आणि आम्ही एकमेकांना शेवटपर्यंत 'झी', म्हणजे अहोजाहो. सकाळी कॉफी त्या करायच्या, दुपारी आम्ही.

मोठ्या कंपन्यांनी पानं लावण्याचं काम केव्हाच चेन्नई, पुदुच्चेरी, तिरुअनंतपुरमला नेलं होतं, आणि स्प्रिंगरचंही पुण्यात मोठं ठाणं आहेच. २०१५ साली आमच्या साहेबांना जाग आली. पुण्यातली एक फर्म ठरली आणि तिथल्या मुलांना शिकवायला कुणाला पाठवायचं यावर फार चर्चा झालीच नाही. आमची सगळ्यात मोठी पात्रता म्हणजे आमची मातृभाषा. सौ. म्हणाली, "कंपनीच्या खर्चाने सहा आठवडे घरी. नशीब काढलंत." आईने रोज डबा दिला.

खरं सांगतो, ते सहा आठवडे फार चांगले गेले. हडपसरच्या त्या हॉलमध्ये बार्शी, लातूर, सांगलीची मुलं होती. कुणी एम. एस्सी. फिजिक्स, कुणी बी. ई. पहिले दोन दिवस सगळं इंग्रजीत चाललं. तिसऱ्या दिवशी एकाने हळूच विचारलं, "सर, मराठीत विचारलं तर चालेल का?" आणि बांध फुटला. परत आल्यावर आठवड्याभरात पुण्याहून एक लेखी शंका आली. बाईंनी प्रूफाच्या समासात सवयीने 'लाइखं!' असं लिहिलं होतं. त्या मुलांनी शब्दकोश उघडला आणि अत्यंत अदबीने विचारलं की, पान २१४ वर प्रेत आहे असं दिसतं, तरी काय करावं? आमचा अख्खा विभाग त्या दिवशी हसत होता. बाई सगळ्यात जास्त.

येताना आणलेल्या भाकरवड्या तेव्हा अजून शिल्लक होत्या. बाईंनी एक उचलली आणि विचारलं, "मुलं हुशार आहेत?"

"आहेत."

"तुम्ही नीट शिकवलंत ना?"

"हो."

"मग बरं," म्हणाल्या, आणि दुसरी भाकरवडी घेतली. दोघांनाही कळत होतं की आम्ही काय शिकवून आलो होतो.

नऊजणांच्या विभागात २०१७ साली चार उरले. बाई गेल्या. कामगार समितीने भांडून बऱ्यापैकी रक्कम मिळवून दिली, त्याबाबत इथल्या कायद्याला नावं ठेवता येणार नाहीत. शेवटच्या दिवशी त्यांनी हात पुढे केला, स्वतःचं पहिलं नाव सांगितलं, आणि म्हणाल्या, "आता 'डू' म्हणू या." आठ वर्षांनी अगं-तुगं, तेही संध्याकाळी चार वाजता. सोबत एक बुटाचं खोकं दिलं. त्यात दर लेखकाचं एक कार्ड. हे प्राध्यापक ईमेलला उत्तर देत नाहीत, मंगळवारी फोन करावा. हे गृहस्थ दशांशाची खूण इंग्रजी पद्धतीने देतात, तक्ते पुन्हा पाहावेत. (हे डेटा-संरक्षणवाल्यांनी वाचू नये.) आम्ही पुण्याला दिलेल्या जाडजूड माहितीपुस्तिकेत यातलं काहीही नव्हतं. कारण आम्हालाच ते ठाऊक नव्हतं.

त्यानंतर काही महिने चुका वाढल्या आणि साहेबलोक "भारतातलं काम म्हणजे..." असं वाक्य अर्धवट सोडायला लागले. आमच्यासमोर अर्धवट, मागे पूर्ण. याचा आम्हाला अजून राग आहे. त्या मुलांना दिवसाला ठरावीक पानं काढावीच लागायची. घड्याळ लावून कुमारिका मिळत नाही. आणि एका दाबपात्रांच्या ग्रंथात मेगापास्कलच्या जागी किलोपास्कल पडलं होतं, म्हणजे हजारपट फरक, तो लेखकाला दिसला नाही, दोन तपासनिसांना दिसला नाही, आम्हालाही नाही. बार्शीच्या मुलीने पकडला. ते तिचं कामही नव्हतं. आम्ही साहेबांना लेखी कळवलं आणि बाईंनाही फोन केला. त्या म्हणाल्या, "तिला खोक्यातली कार्डं दे."

तेव्हापासून दर रविवारी आम्ही पाच-सहा कार्डांचा तर्जुमा करून तिला पाठवतो. ती आता तिथली प्रमुख आहे. २०२४ पासून त्यांच्याकडे पहिलं प्रूफ संगणकच तपासतो आणि तिच्या हाताखालची माणसं कमी होत चालली आहेत. "सर, आता आम्ही मशीनला शिकवतोय," असं तिने कळवलं. बाईंना हे अजून सांगितलेलं नाही. त्यांच्याकडे नाताळात जाणं होतं, तेव्हा बघू.

मंडळातल्या ज्या मुलामुलींना या कामाची आवड असेल त्यांच्यासाठी थोडं. शास्त्र किंवा इंजिनिअरिंगची डिग्री हवी, जर्मन सी-१ पर्यंत तरी हवं, आणि पगार बॉशपेक्षा कमी असतो हे घरी आधीच सांगून ठेवावं. ऑक्टोबरात फ्रँकफर्टचा पुस्तकमेळा असतो, तिथे एकदा चक्कर मारा. आम्ही दरवर्षी गाडीने जातो, दोघांची जागा असते. संध्याकाळी सातनंतर फोन करा, त्याआधी प्रूफं असतात.