शिलकीचा पैसा : आधी बेणं, मग वाटप



गेल्या महिन्यातल्या गटसभेत एका तरुण सभासदाने उभं राहून विचारलं, "साहेब, अमेरिकेतल्या चिपच्या कंपन्या शिल्लक पैसा भागधारकांना वाटून टाकतात. मग आपला कारखाना शिल्लक राहिली की यंत्रसामग्रीची भाषा का करतो? सगळी रक्कम उसाच्या अंतिम दरात द्या की!" प्रश्न रास्त आहे. सभेत वेळ अपुरा पडला, म्हणून उत्तर येथे देतो. आणि त्यांनीच काढलेल्या चिपच्या धंद्याचे उदाहरण घेतो.

मोबाइलात, संगणकात जी नखाएवढी चिप असते ती बनविण्यात इंटेल ही कॅलिफोर्नियातील कंपनी अनेक वर्षे जगात पुढे होती. तिची स्थापना १९६८ सालची. हा धंदा भांडवल खाणारा. अद्ययावत कारखाना उभारायचा तर दहा-वीस अब्ज डॉलर लागतात (एक अब्ज म्हणजे शंभर कोटी), आणि थोड्याच वर्षांत त्यातली यंत्रे मागे पडतात. म्हणजे जो नफा दिसतो त्यात पुढच्या लागणीचं बेणं मिसळलेलं असतं.

इंटेलने शिलकीतून मोठी रक्कम शेअर्सच्या फेरखरेदीवर घातली. फेरखरेदी म्हणजे कंपनीने आपलेच शेअर्स बाजारातून विकत घेऊन रद्द करणे. शेअर्सची संख्या घटते, उरलेल्या प्रत्येक शेअरच्या वाट्याला नफा जास्त येतो. १९९० पासून या कामी इंटेलचे दीडशे अब्ज डॉलरहून अधिक गेले. एकट्या २०२० साली फेरखरेदीवर आणि यंत्रे-इमारतींवर जवळजवळ सारखाच, म्हणजे प्रत्येकी सुमारे १४ अब्ज डॉलर खर्च झाला.

मग झालं काय? जी नवी चिप-पद्धत २०१५-१६ च्या सुमारास यायची, ती भरपूर प्रमाणात यायला २०१९ उजाडले. पुढचीही लांबली. २०२४ साली कंपनीला सुमारे १८.८ अब्ज डॉलरचा तोटा झाला आणि लाभांशच स्थगित करावा लागला. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने सुमारे दहा टक्के हिस्सा घेतला. खोडव्यावर खोडवा घेणाऱ्याचं असंच होतं. पहिली वर्षे खर्च कमी म्हणून बरं वाटतं. पुढे फड विरळ होतो.

याउलट तैवानची टीएसएमसी. १९८७ साली मॉरिस चँग यांनी ती सुरू केली. २००९ च्या मंदीत, वयाच्या ७७ व्या वर्षी, त्यांनी पुन्हा सूत्रे हाती घेतली आणि २०१० साली भांडवली खर्च आदल्या वर्षाच्या दुपटीहून अधिक केला. लाभांश बंद केला नाही. पण आधी कारखाना, मग वाटप हा क्रम ठेवला.

तरी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. इंटेलचं घोडं केवळ पैशाने अडलं नाही. संशोधनावर ती दरसाल अब्जावधी खर्च करीत होती. चिपवर अतिसूक्ष्म नक्षी कोरणारी यंत्रे करणाऱ्या नेदरलँड्सच्या एएसएमएल कंपनीत इंटेलने २०१२ सालीच पैसे गुंतविले होते. पण त्या यंत्रांवर टीएसएमसीचे उत्पादन २०१९ मध्ये सुरू झाले, इंटेलचे मोठ्या प्रमाणावर २०२३ मध्ये. बेणं आधी घेतलं, लागण मात्र उशिरा! शिवाय २०११ साली साडेसात अब्जांहून अधिक डॉलर देऊन मॅकॅफी ही संगणक-सुरक्षेची कंपनी घेतली, आणि २०१६ साली तिचा निम्म्याहून अधिक हिस्सा विकायचा करार केला. तेव्हा पैसा राखून ठेवला की तो शहाणपणानेच खर्च होतो, असंही समजू नये.

माझ्या मते चिप कंपनीने असा क्रम धरावा : पहिलं, चालू यंत्रांची देखभाल व पुढच्या पद्धतीची तयारी, दुसरं, मंदीच्या सालासाठी गंगाजळी, तिसरं, भागधारकांना झेपेल असा नियमित लाभांश. एवढं करूनही पैसा उरला आणि शेअर स्वस्त असला, तरच फेरखरेदी. आणि खरोखर उपयोग नसेल तर पैसा अडवून न ठेवता परत द्यावा. तो भागधारकांचाच आहे.

आता आपल्याकडे वळू. आपले शेअर्स बाजारात विकले जात नाहीत, त्यामुळे फेरखरेदीचा तसा प्रश्न नाही. एफआरपी कायद्याने द्यावीच लागते. ती शिल्लक नव्हे. सहकार कायद्याने नक्त नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत जातो आणि लाभांशाला १५ टक्क्यांची मर्यादा आहे. प्रश्न उरतो तो त्यापुढच्या रकमेचा. ती सगळी दरात वाटली तर एक दिवाळी गोड होईल. पण बॉयलर आणि मिल दमली तर ऐन हंगामात गाळप अडेल आणि ऊस तुमचाच फडात वाळेल.

म्हणून वार्षिक सभेत "किती वाटलं?" हे जरूर विचारा. त्याच दमात हेही विचारा : यंत्रावर व बेणे मळ्यावर किती घातले, आणि त्यातून उतारा किती वाढला? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देणं आम्हा अधिकाऱ्यांचंही कर्तव्य आहे.

— ऊस विकास अधिकारी