आवाज गेला कुठे? संगणकाच्या ड्रायव्हरचा दोष शोधताना



गेल्या वेळी आपण कार्यकारणभावाविषयी बोललो. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्याने विचारलं, "सर, हे सगळं ठीक आहे, पण घरी याचा उपयोग काय?" प्रश्न रास्त होता. म्हणून आज एकच घरगुती उदाहरण घेऊ. संगणकाचा आवाज बंद पडला, किंवा पडद्यावरचं चित्र बिघडलं, तर दोष नेमका कुठे आहे हे कसं शोधायचं? आम्ही तंत्रज्ञ नाही. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं. पण हा बिघाड आमच्या घरी झाला, आणि वर्गात वर्षानुवर्षं जे शिकवलं त्याचीच परीक्षा झाली. त्या परीक्षेत आम्ही आधी नापास झालो, तेही सांगतो.

आमची थोरली बहीण इंदूरला असते. दर रविवारी सकाळी आमचं संगणकावर बोलणं होतं. एका रविवारी ताई पडद्यावर दिसत होती, ओठ हलत होते, आवाज मात्र नाही. आम्ही दोनदा सांगितलं, "ऐकू येत नाही." तिच्या नातवाने तिकडे काहीतरी तपासलं आणि हातानेच खूण केली, इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे दोष आमच्याकडे. तिसऱ्यांदा सांगायची लाज वाटली. या वयात माणसाला आधी आपल्या कानांचाच संशय येतो, बरं का! आम्ही नुसती मान डोलावत राहिलो. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, "अरे, मग येतोयस ना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला? काल हो म्हणालास." आम्ही कशाला हो म्हटलं होतं ते तेव्हा कळलं.

संगणक दुकानात नेला. दुकानदाराने पाच मिनिटं पाहिलं आणि निकाल दिला, "मदरबोर्डवरचा साउंडचा भाग गेला. बोर्ड बदलावा लागेल." हजारोंचा खर्च होता. आम्ही संगणक घरी परत आणला, वही घेतली आणि विचार करायला बसलो.

आधी ड्रायव्हर म्हणजे काय ते पाहू. नावावरून गाडीचा चालक डोळ्यांसमोर येतो, पण खरी उपमा दुभाष्याची आहे. 1674 साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला, तेव्हा त्याच्याबरोबर नारायण शेणवी हा दुभाषा होता. वकील कितीही हुशार असो, दुभाष्यावाचून बोलणी पुढे सरकणार नाहीत. संगणकात विंडोज ही एक बाजू आणि ध्वनी किंवा चित्र तयार करणारी चिप ही दुसरी बाजू. या दोघींमधला दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. त्यामुळे बोलणी फिसकटली तर दोष तीन ठिकाणी असू शकतो: चिप बिघडली, दुभाषा चुकला, किंवा निरोपच चुकीच्या पत्त्यावर गेला. हा तिसरा पर्याय लक्षात ठेवा. लोक तोच विसरतात. आम्हीही विसरलो होतो.

आता दुकानदाराचं अनुमान तपासू. "आवाज येत नाही, म्हणून साउंडचा भाग गेला." न्यायशास्त्रात अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात. "तिथे धूर आहे, कारण तिथे अग्नी आहे" हे त्याचं नेहमीचं उदाहरण. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, पण धूर नसतो. म्हणजे अग्नीवरून धूर सिद्ध होत नाही. तसंच चिप शाबूत असतानाही आवाज बंद असू शकतो. मग शांततेवरून चिप गेली हे कसं ठरवणार? त्यासाठी व्यतिरेक लागतो: एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि परिणाम बदलतो का ते पाहायचं. पाश्चात्त्य तर्कशास्त्रात जॉन स्टुअर्ट मिलने 1843 च्या आपल्या ग्रंथात हीच रीत भेदपद्धती म्हणून मांडली.

चित्राच्या बाबतीत हा प्रयोग अगदी सोपा आहे. संगणक सुरू करताना विंडोज येण्याआधी कंपनीचं बोधचिन्ह दिसतं, किंवा बायोसचा पडदा उघडता येतो. त्या वेळी विंडोजचा ग्राफिक्स ड्रायव्हर कामाला लागलेलाच नसतो. तेव्हाही पडद्यावर रंगीत चौकडे, पट्टे दिसत असतील तर ड्रायव्हर निर्दोष आहे. वायर, मॉनिटर किंवा ग्राफिक्स कार्ड तपासा. तिथे चित्र स्वच्छ असेल आणि विंडोज आल्यावरच बिघडत असेल, तर संशय ड्रायव्हरवर जातो. मग सेफ मोडमध्ये जाऊन पाहा. रीस्टार्टवर टिचकी मारताना शिफ्टची कळ दाबून ठेवली की तिकडे जाण्याचे पर्याय येतात. सेफ मोडमध्ये विंडोज अगदी साधा ड्रायव्हर वापरतं. तिथे चित्र सुधारलं, तर आरोपी जवळजवळ सापडलाच. आवाजाची परीक्षा मात्र सेफ मोडमध्ये करू नका. तिथे आवाज एरवीही नसतो, त्यामुळे नवीन काहीच कळत नाही.

आवाजासाठी दुसरे प्रयोग. स्पीकर काढून त्याच ठिकाणी हेडफोन लावा. तोच स्पीकर मोबाइलला लावून पाहा. यूएसबीचं छोटं साउंड कार्ड मिळतं, त्यात स्वतःची चिप असते. त्यातून आवाज आला, तर विंडोज आणि स्पीकर दोन्ही सुटले. उरली मूळ चिप, तिचा ड्रायव्हर किंवा सेटिंग. आणखी एक नामी प्रयोग म्हणजे पेन ड्राइव्हवरून उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली सुरू करणं. "ट्राय" हा पर्याय निवडला तर ती संगणकात काही न बसवता चालते. तिथे आवाज आला, तर चिप धडधाकट आहे हे सिद्ध झालं. पण आवाज आला नाही, तर काहीच सिद्ध होत नाही. कदाचित लिनक्सकडेच त्या चिपचा नीट दुभाषा नसेल. एकाच प्रयोगाचा होकार निर्णायक असतो आणि नकार नसतो, हे उदाहरण आम्हाला वर्गात शिकवताना मिळालं असतं तर फार उपयोगी पडलं असतं!

आम्ही हा उबुंटूचा प्रयोग केला. स्पीकरमधून स्वच्छ आवाज आला. दुकानदाराचा निकाल रद्द.

आता इतिहास पाहायचा. विंडोजच्या शोधपट्टीत "रिलायबिलिटी" टाइप केलं की एक तक्ता उघडतो. कुठल्या दिवशी काय बसवलं, काय कोसळलं, याची ती रोजनिशीच असते. आमच्या रोजनिशीत आदल्या मंगळवारची नोंद होती: नवीन ग्राफिक्स ड्रायव्हर. ते आम्हाला आठवतही होतं. एका अपडेटनंतर पडद्यावरची अक्षरं अचानक मोठी आणि भरड झाली होती. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डाच्या जागी "मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर" असं नाव दिसत होतं. याचा अर्थ खरा दुभाषा गैरहजर आहे आणि विंडोजने कामचलाऊ माणूस उभा केला आहे. आम्ही चिप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर घेतला, बसवला, चित्र सुधारलं. मंगळवारी चित्र दुरुस्त, रविवारी आवाज गायब.

इथे आम्ही चुकलो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, म्हणून कावळ्याने फांदी मोडली असं होत नाही, हे आम्ही पिढ्यान्पिढ्यांच्या विद्यार्थ्यांना बजावलं. त्यामुळे स्वतःलाही बजावलं: ड्रायव्हर चित्राचा, गेला तो आवाज, मध्ये पाच दिवसांचं अंतर, हा निव्वळ योगायोग. आणि तो धागा आम्ही सोडून दिला. पुढचे दोन दिवस वाया गेले.

खरं काय होतं? आमचा मॉनिटर एचडीएमआय केबलने जोडलेला आहे. या केबलमधून चित्राबरोबर ध्वनीही जातो. म्हणून ग्राफिक्स ड्रायव्हरच्या संचात ध्वनीचाही एक ड्रायव्हर येतो. तो बसला की विंडोजला वाटतं, आवाज बाहेर पाठवायला एक नवीन जागा मिळाली. कधी कधी ते त्याच जागेला मुख्य करून टाकतं. आमच्या संगणकावर तेच झालं. ताईचा आवाज मॉनिटरकडे जात होता आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत! मंगळवार ते रविवार आम्ही फक्त लिहीत होतो, काही ऐकलंच नव्हतं. म्हणून ते पाच दिवसांचं अंतर. बिघाड मंगळवारचाच होता, कळला रविवारी. फांदी खरोखरच कावळ्याने मोडली होती.

ध्वनीच्या जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये प्रत्येक साधनासमोर एक पट्टी असते. आवाज जात असला की ती हिरवी होऊन हलते. गाणं लावलं तर मॉनिटरच्या नावासमोरची पट्टी नाचत होती, स्पीकरची निश्चल. टास्कबारवरच्या ध्वनीच्या चिन्हावरून आम्ही स्पीकर निवडला. आवाज आला. खर्च शून्य.

तेव्हा पायऱ्यांचा क्रम नीट ध्यानात ठेवा. जे सहज परत फिरवता येतं ते आधी, जे परत फिरवता येत नाही ते शेवटी. प्रथम वायर आणि सेटिंग: आवाज कुठल्या साधनाकडे जातो आहे, मिक्सरमध्ये एखादं ॲप मूक केलेलं आहे का. मग संगणक एकदा पूर्ण रीस्टार्ट करा. पडदा नुसता गोठला असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, उघड्या फायली तशाच राहतात. मग डिव्हाइस मॅनेजर. त्या साधनासमोर पिवळा त्रिकोण आहे का पाहा आणि आतला क्रमांक वहीत लिहा. 28 म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही. 10 म्हणजे साधन सुरू होऊ शकलं नाही. 43 म्हणजे साधनाने अडचण कळवली म्हणून विंडोजने ते थांबवलं. यात दोष ड्रायव्हरचा किंवा चिपचा, कोणाचाही असू शकतो.

बिघाड अपडेटनंतर सुरू झाला असेल तर ड्रायव्हरच्या पानावर "रोल बॅक" बटण असतं. ते जुना दुभाषा परत बोलावतं. बटण फिकट असेल तर जुना ड्रायव्हर संगणकात शिल्लक नाही. मग अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा. विंडोज बहुधा स्वतःच एक ड्रायव्हर शोधून बसवतं. त्यानेही भागलं नाही तर नवीन ड्रायव्हर आणा. लॅपटॉप असेल तर आधी लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, कारण तिने तो त्या यंत्रासाठी जुळवून घेतलेला असतो. "तुमचे सतरा ड्रायव्हर जुने झाले आहेत" असं ओरडणाऱ्या फुकट प्रोग्रामांच्या नादी लागू नका. आणि असं काही करण्याआधी सिस्टिम रिस्टोअर चालू आहे ना, याची खात्री करून एक रिस्टोअर पॉइंट करून ठेवा.

एक पथ्य मात्र कडक पाळा. एका वेळी एकच बदल, आणि त्याची वहीत नोंद. तीन बदल एकदम केले आणि आवाज आला, तर कशाने आला ते कधीच कळणार नाही. पुढच्या वेळी पुन्हा तिन्ही करत बसाल.

कधी थांबायचं तेही सांगतो. पडद्यावर "डिस्प्ले ड्रायव्हर थांबला होता, पुन्हा सुरू झाला" असा संदेश कधी तरी येतो. विस्टापासून विंडोजमध्ये अशी सोय आहे: ग्राफिक्स चिपने साधारण दोन सेकंद उत्तर दिलं नाही तर अख्खा संगणक कोसळू न देता फक्त तेवढाच भाग पुन्हा सुरू करायचा. एखाद वेळी आला तर सोडून द्या. ड्रायव्हर बदलूनही रोज येत असेल, पंखा अडकत असेल, जळका वास येत असेल, बायोसमध्येही चित्र फाटत असेल, तर वही मिटा आणि जाणकार दुरुस्ती करणाऱ्याकडे जा. पण जाताना ती वही बरोबर न्या. काय काय तपासलं आणि काय निष्पन्न झालं हे लिहिलेलं असेल, तर तोही घाईने निकाल देणार नाही.

आमच्या वहीच्या त्या पानावर आम्ही शेवटी एक ओळ लिहिली. कार्यकारण आहे म्हणणं हा जसा एक दावा आहे, तसाच योगायोग आहे म्हणणं हाही दावाच आहे; दोन्ही तपासावे लागतात. पहिली बाजू आम्ही आयुष्यभर शिकवली. दुसरी या संगणकाने शिकवली.

आणि हो, इंदूरला गेलो. ताईचं ऑपरेशन झालं. डोळ्यांवर पट्टी होती, त्यामुळे त्या दिवशी मान डोलावून भागणार नव्हतं. तिने विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला तोंडाने उत्तर द्यावं लागलं.