संघात घेतलंय, मग खेळवत का नाहीत?

ऐंशीच्या दशकात गदगचा एक शाळकरी मुलगा क्रिकेटच्या सरावासाठी रोज सकाळी हुबळी गाठायचा. अंतर सुमारे साठ किलोमीटर. सराव आटोपला की पुन्हा तेवढाच प्रवास करून शाळेची घंटा व्हायच्या आत गदगला परत. त्या मुलाचं नाव सुनील जोशी. १९९६ साली तो भारताकडून कसोटी खेळला, आणि १९९९च्या सप्टेंबरमध्ये नैरोबीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध त्याने दहा षटकांत सहा धावा देऊन पाच बळी घेतले. त्यातली सहा षटकं निर्धाव होती.

हुबळी-धारवाडच्या घराघरांत ही गोष्ट मुलांना सांगितली जाते. सांगणारे बहुधा पालकच असतात आणि त्यांचा भर सकाळी लवकर उठण्यावर असतो. गोष्टीतला दुसरा अर्धा भाग, म्हणजे शाळा न चुकवण्याचा, घाईत सुटून जातो. खरं तर या मुलाचा दिवस त्या दोन टोकांवर तोललेला होता. मैदानावर वेळेत पोहोचायचं आणि वर्गातही वेळेत बसायचं.

रायापूर हुबळी आणि धारवाडच्या मधोमध आहे. इथल्या मुलांना गदगच्या मुलाइतकी पायपीट नाही. या दोन शहरांदरम्यान धावणारी चिगरी बस थांब्यावर येते, दारं आपोआप उघडतात, आणि पाठीवर किट घेतलेली मुलं एक तर हुबळीकडे जातात नाही तर धारवाडकडे. हुबळीत राजनगरला राज्य क्रिकेट संघटनेचं मैदान आहे, धारवाडला आर. एन. शेट्टी स्टेडियम आणि भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं प्रशिक्षण केंद्र आहे. सोय झाली. पण शाळेच्या संघात मुलगा किंवा मुलगी निवडली गेली की नेमकं काय काय अपेक्षित आहे, हे घरात कुणी विचारत नाही आणि शाळेत सहसा कुणी सांगत नाही. बाहेरगावी नेण्यासाठी एका संमतीपत्रावर सही घेतली जाते, एवढाच काय तो करार. घरात मराठी, शाळेत कन्नड किंवा इंग्रजी अशी परिस्थिती असेल तर त्या कागदावर काय लिहिलंय हेसुद्धा मुलालाच वाचून दाखवावं लागतं.

मग पहिली ठिणगी पडते ती ठरलेल्या प्रश्नावरून. संघात घेतलंय, मग खेळवत का नाहीत?

याचं उत्तर पुष्कळदा साध्या बेरीज-वजाबाकीत असतं. कबड्डीच्या संघात बारा जण असतात आणि मैदानात सातच उतरतात. व्हॉलीबॉललाही बारा जणांतले सहा खेळतात. म्हणजे पाच-सहा मुलं बाहेर बसणार हे खेळाच्या नियमातच लिहिलेलं आहे. त्यात पीटीच्या सरांचा आकस असेलच असं नाही. बाहेर बसलेल्या मुलाला हे बहुतेक वेळा कळतं. तो पाणी नेऊन देतो, ओरडून ओरडून घसा बसवून घेतो. कुंपणापाशी उभ्या असलेल्या त्याच्या वडिलांना मात्र ते कळत नाही, कारण त्यांनी त्या दिवशी रजा टाकलेली असते.

शालेय स्पर्धांची उतरंडही पालकांना माहीत असलेली बरी. कर्नाटकात क्रीडाकूट, म्हणजे शालेय क्रीडास्पर्धा, तालुक्याला होते, तिथून जिल्हा, मग विभाग (धारवाड जिल्हा बेळगाव विभागात येतो), मग राज्य. देशपातळीवर १९५४ साली स्थापन झालेला भारतीय शालेय खेळ महासंघ चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील स्पर्धा घेतो. प्रत्येक पायरीवर चाळणी बारीक होत जाते. तालुक्याला हिरो ठरलेला मुलगा विभागाच्या संघात राखीव म्हणून बसू शकतो, आणि त्यात त्याचं काही चुकलेलं नसतं.

शालेय खेळात कुणी कुणाकडून काय अपेक्षा ठेवायची, याचा मराठी मुलखातला सर्वांत गाजलेला नमुना दादरच्या शारदाश्रमाचा. सचिन तेंडुलकर वांद्र्याच्या शाळेत होता. थोरल्या भावाने, अजितने, त्याला शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकरांकडे नेलं, आणि सरांनी शाळा बदलायला सुचवलं. निर्णय मुलावर लादला गेला नाही. घरी बसून बोलणं झालं, होकार त्याचा घेतला गेला. वांद्र्याहून दादरला बस बदलत, भलंमोठं किट सावरत जाणं जमेना, तेव्हा तो शिवाजी पार्कला काका-काकूंकडे राहायला गेला. वडील रमेश तेंडुलकर मराठीचे प्राध्यापक आणि कवी. आई आयुर्विम्यात नोकरीला. दोघांनी मुलाची रोजची जागा बदलण्याइतकी मोठी गोष्ट केली, पण नेटमध्ये उभं राहून सरांना सल्ले दिल्याचं कुठे ऐकिवात नाही.

आचरेकरांच्या अपेक्षा कडक होत्या. एकदा त्यांनी सचिनसाठी सराव सामना ठरवून ठेवला होता, चौथ्या क्रमांकावर फलंदाजी करायची हेही सांगून ठेवलं होतं. तो मात्र शाळेच्या मोठ्या संघाचा हॅरिस शील्डचा अंतिम सामना बघायला, टाळ्या वाजवायला वानखेडेवर गेला. सर तिथेच भेटले. थप्पड बसली, हातातला डबा उडाला. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवण्यापेक्षा आपल्यासाठी लोक टाळ्या वाजवतील असं खेळ, हे सरांचं सांगणं तेंडुलकरने नंतर अनेकदा कृतज्ञतेने आठवलं आहे.

ही गोष्ट ऐकून माना डोलावणाऱ्यांनी एक लक्षात ठेवायला हवं. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई केली आहे. ‘सर, तुम्ही बिनधास्त मारा’ असं सांगणारे पालक अजूनही मैदानावर भेटतात. ही परवानगी देण्याचा अधिकार त्यांना नाही. जपानमध्ये २०१२च्या डिसेंबरात ओसाकाच्या साकुरानोमिया शाळेतल्या बास्केटबॉल संघाच्या कर्णधाराने प्रशिक्षकाच्या मारहाणीनंतर आत्महत्या केली, तेव्हा शाळेच्या खेळातल्या शिस्तीवर त्या देशाला नव्याने विचार करावा लागला. आचरेकरांकडून घ्यायचं ते दुसरंच काही. १९८८च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर सचिन आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची भागीदारी केली, त्या सामन्यात कांबळी नाबाद ३४९वर होता. साडेतीनशेला एक धाव हवी म्हणून त्याने जेवणाच्या सुट्टीत सरांना फोनवर विनवलं, आणि सरांनी डाव सोडायला लावला, असा किस्सा सांगतात. आकडा आजही ३४९ असाच आहे. अशा वेळी एखाद्या पालकाने मुख्याध्यापकांकडे तक्रार नेली असती तर काय झालं असतं, याची कल्पना करून बघावी.

शाळेतला आकडा पुढच्या आयुष्याचा हवाला देत नाही, याचं सर्वांत बोलकं उदाहरण कल्याणचं. ४ आणि ५ जानेवारी २०१६ला के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडेने सोळा वर्षांखालच्या आंतरशालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. सुमारे सव्वातीनशे चेंडू, १२९ चौकार, ५९ षटकार. १८९९ सालचा, इंग्लंडमधल्या ए. ई. जे. कॉलिन्सचा ६२८ धावांचा विक्रम मोडला. रिक्षाचालकाचा पंधरा वर्षांचा मुलगा दोन दिवसांत जगभर पोहोचला. समोरच्या आर्य गुरुकुल संघाचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत संपले होते. त्या मुलांच्या घरी त्या संध्याकाळी काय बोलणं झालं असेल, याची बातमी कुणी केली नाही. मुंबई क्रिकेट संघटनेने प्रणवला महिना दहा हजारांची शिष्यवृत्ती दिली. पण पुढे धावा आटल्या, अपेक्षांचं ओझं मात्र वाढत राहिलं. २०१७ साली त्याच्या वडिलांनी पत्र लिहून ती शिष्यवृत्ती थांबवायला सांगितलं. मुलाची कामगिरी खालावली आहे, तेव्हा पैसे घेणं बरोबर नाही, असं त्यांचं म्हणणं.

दहा हजार रुपये ही रिक्षा चालवणाऱ्या घरात लहान रक्कम नव्हे. पालक म्हणून एवढी सरळ गोष्ट फार थोड्यांनी केली असेल. पण त्याचबरोबर असंही वाटतं, की पंधरा वर्षांच्या मुलाच्या एका डावावर वर्षानुवर्षांच्या अपेक्षा लादणाऱ्या मोठ्यांनीही एखादं पत्र लिहायला हवं होतं.

याच्या शेजारी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचा आलेख ठेवावा. २००९ साली वडिलांनी त्याला महाराष्ट्र सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घातलं. खेळ आधी ठरला नव्हता. पहिलं वर्ष शरीराच्या सर्वसाधारण तयारीत गेलं, नेमबाजी त्यानंतर निवडली गेली. पॅरिसचं ऑलिंपिक कांस्य आलं २०२४च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे तब्बल पंधरा वर्षांनी. मधल्या काळात दर रविवारी ‘काही झालं का?’ असं विचारणारं घर असतं तर? बेळगावजवळच्या तुरमुरीची मलप्रभा जाधव ही तर आपल्या सीमाभागातली. शेतकऱ्याघरची मुलगी ज्यूदो शिकली आणि २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश या खेळात कांस्य घेऊन आली. कुराश म्हणजे काय, हे पदक आल्यावर पुष्कळांनी शोधून पाहिलं असेल.

पालकांकडून अपेक्षित असलेल्या गोष्टींत एक अशी आहे जिच्याबद्दल सगळे आवाज खाली आणून बोलतात. वय. सतरा वर्षांखालच्या संघात अठराचा मुलगा घुसवला की एका खऱ्या सोळा वर्षांच्या मुलाची जागा जाते. क्रिकेट मंडळ त्यासाठी डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय मोजतं. पण दाखल्यावरची जन्मतारीख मुलगा बदलत नाही. तिथे मोठ्यांचाच हात लागतो. मुलाला त्यातून कळतं ते एवढंच, की घरच्यांच्या लेखी ही लबाडी चालते.

अभ्यासाचा हिशेब वेगळा. महाराष्ट्रात खेळाडूंना दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत, सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. कर्नाटकात अभियांत्रिकीच्या प्रवेशाला क्रीडा कोटा आहे. त्यामुळे काही घरांत खेळ म्हणजे प्रमाणपत्र मिळवण्याचा रस्ता, आणि एसएसएलसीचं, म्हणजे दहावीचं वर्ष उजाडलं की तो बंद. अमेरिकेत टेक्सासने १९८४ साली कायदाच केला, ज्याला तिथे ‘नापास तर खेळ नाही’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात: एका विषयातही नापास झालेला विद्यार्थी काही आठवडे शाळेकडून खेळू शकत नाही. आपल्याकडे चित्र जवळजवळ उलटं आहे. इथे चांगल्या गुणांचा मुलगाही दहावीत मैदानाबाहेर काढला जातो, आणि मुलगी असेल तर त्याच्याही आधी.

अमेरिकेतल्या हायस्कुलांत मोसम सुरू होण्याआधी पालकांची बैठक होते. तिथे स्थायिक झालेल्या मराठी घरांना ती सुरुवातीला चमत्कारिक वाटावी. खेळाडू आणि पालक दोघांच्याही सह्या घेतल्या जातात. सरावाला न सांगता गैरहजर राहायचं नाही. दुखापत लपवायची नाही. पंचांवर ओरडायचं नाही. कुणाला किती वेळ खेळवायचं, यावर पालकांनी वाद घालायचा नाही. तक्रार असेल तर आधी मुलाने स्वतः प्रशिक्षकाशी बोलायचं, नंतर पालकांनी. शाळेच्या बाजूनेही लिहून दिलेलं असतं: निवड कशी होईल, खर्च किती येईल, दुखापत झाली तर कोण काय करेल. बऱ्याच शाळांत आणखी एक नियम आहे. सामना संपल्यापासून चोवीस तास पालकांनी प्रशिक्षकाशी सामन्याबद्दल बोलायचं नाही.

आपल्याकडे यातलं बरंचसं एका पानावर, मराठी-कन्नड-इंग्रजीत, फुकट करता येण्याजोगं आहे. त्याला निधी लागत नाही, मैदान लागत नाही. लागते ती जूनमधली एक संध्याकाळ आणि सगळ्यांना बसायला एक वर्ग.

चोवीस तासांचा तो नियम मात्र इथे पाळणं अवघड जाईल. धारवाडहून रायापूरला चिगरीने जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि बहुतेक सामन्यांची उलटतपासणी तेवढ्या वेळातच उरकते. मुलगा खिडकीशी बसलेला, बूट अजून ओले. वडील विचारतात, ‘तो शेवटचा चेंडू सोडलास कशाला?’ पुढचा थांबा सत्तूर, अशी घोषणा होते.