‘कविकुलगुरु’वर डबल-क्लिक

रामटेकची टेकडी हाच ‘मेघदूता’तला रामगिरी, असं मानण्याची परंपरा आहे. १९९७ साली गावात संस्कृत विद्यापीठ सुरू झालं, तेही कालिदासाच्याच नावानं: कविकुलगुरु कालिदास संस्कृत विश्वविद्यालय. हे नाव संगणकावर टाइप करून पहिल्या शब्दावर डबल-क्लिक केलं, की ‘कविकुलगुरु’ अख्खा निवडला जातो. त्यातलं फक्त ‘कुल’ हवं असेल तर माउस ओढावा लागतो. दोन मोकळ्या जागांमधली किंवा विरामचिन्हांमधली सगळी अक्षरं मिळून एक शब्द, एवढंच प्रोग्रॅमला ठाऊक. समास त्याला सुटत नाही.

डग्लस एंगेलबार्टनं माउस जगाला दाखवला १९६८ साली. मात्र मजकूर निवडायची आजची रीत घडली ती कॅलिफोर्नियात, झेरॉक्सच्या ‘पार्क’ या प्रयोगशाळेत. लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी १९७४-७५च्या सुमारास जिन अँड कंपनी या प्रकाशनसंस्थेसाठी ‘जिप्सी’ हा प्रोग्रॅम लिहिला. त्याआधीच्या ‘ब्राव्हो’त एकच कळ कधी अक्षर उमटवी, तर कधी हुकूम ठरे. हुकमाच्या अवस्थेत कुणी चुकून इंग्रजी ‘एडिट’ टाइप केलं, की ई म्हणजे सगळं निवड, डी म्हणजे पूस, आय म्हणजे पुढचं घाल. दस्तऐवज गायब आणि मागे एकटा टी. टेस्लरला अशा ‘मोड’चा एवढा तिटकारा, की गाडीच्या नंबरप्लेटवरही त्यानं ‘नो मोड्स’ घालून घेतलं होतं. जिप्सीत आधी मजकूर निवडायचा आणि मग त्याचं काय करायचं ते सांगायचं. १९८३ची ॲपल लिसा आणि १९८४चा मॅकिंटॉश यांच्याबरोबर हा क्रम सर्वसामान्यांपर्यंत पोहोचू लागला.

माउस ओढून मजकूर निवडणं वरवर साधं दिसतं, पण त्यामागे बराच हिशेब असतो. बटण दाबलं तिथून सर्वांत जवळची दोन अक्षरांमधली फट प्रोग्रॅम शोधतो. ते निवडीचं एक टोक, आणि ते पक्कं. दुसरं टोक हाताबरोबर सरकतं. म्हणून उलटं, मागेही ओढता येतं. शिफ्ट धरून क्लिक केलं तर फक्त सरकतं टोक हलतं. डबल-क्लिक करून बटण न सोडता ओढलं, तर निवड शब्दाशब्दानं वाढते. कॉपी करताना एकच मजकूर अनेक रूपांत ठेवला जातो, साधा आणि सजावटीसह. घेणारा प्रोग्रॅम आपल्याला पेलेल ते रूप उचलतो.

देवनागरीत मात्र ती फटच वादाची. ‘संस्कृत’ वाचणाऱ्याला तीन अक्षरांचा शब्द: सं, स्कृ, त. युनिकोडच्या साठवणीत त्याच्या सात खुणा: स, अनुस्वार, स, हलन्त, क, ऋकार, त. कर्सर ‘स्’ आणि ‘कृ’ यांच्यामध्ये थांबला, तर कॉपी होतं ते ‘संस्’. विद्यापीठ सुरू झालं त्या काळात अडचण याहून मोठी होती. तेव्हाच्या अनेक फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. एका फॉन्टातला मजकूर दुसऱ्यात पेस्ट केला की निव्वळ कचरा. विंडोज २०००मध्ये युनिकोड देवनागरीची सोय आली आणि मजकूर फॉन्टाच्या तावडीतून सुटू लागला. जोडाक्षर मात्र युनिकोडच्या सर्वसाधारण नियमात दुभंगतच राहिलं. देवनागरी जोडाक्षर एकसंध मानणारा नियम आला तो थेट २०२३मध्ये, युनिकोड १५.१ या आवृत्तीत.

तरीही सगळीकडे जोडाक्षर अखंड ठेवणं शहाणपणाचं नाही. ‘स्कृ’ टाइप करताना ऋकार चुकला, तर बॅकस्पेसनं तेवढीच खूण जावी. सबंध जोडाक्षर पुन्हा लिहायला लागलं तर टाइप करणारा वैतागेल. निवडताना नजर वाचकाची असते, खोडताना लिहिणाऱ्याची. मराठीसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यानं या दोघांना वेगवेगळे नियम लावावेत.