मुलींचा फुटबॉल : कालिकतपासून चियांग माईपर्यंत

५ जुलै २०२५ रोजी थायलंडमधील चियांग माई ह्या शहरी भारताच्या महिला फुटबॉल संघाने यजमान थायलंडचा २-१ असा पराभव केला. दोन्ही गोल संगीता बासफोर हिचे. ह्या विजयामुळे मार्च २०२६ मधील ऑस्ट्रेलियातील आशिया चषक स्पर्धेत आपल्या संघाला स्थान मिळाले. पात्रता-फेरी जिंकून त्या स्पर्धेत जाण्याची ही आपली पहिलीच वेळ होय. ज्या थायलंडला हरविले, तो देश २०१५ आणि २०१९ अशा दोन जागतिक स्पर्धा खेळून आलेला होता.

चलथाणच्या साखर कारखान्याच्या आसपास जी मराठी कुटुंबे राहतात, त्यांच्यांत क्रिकेटवीरांच्या धावा मुखोद्गत असणारी मुले पुष्कळ आहेत. संगीताचे नाव ठाऊक असलेला एकही मुलगा मला भेटला नाही. मुलींना विचारले, तर त्या एकमेकींकडे पाहून हसल्या. ह्यात त्यांचा दोष नाही. ह्या खेळाची गोष्ट आपण त्यांना कधी सांगितलीच नाही. म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो.

१९७५ साली भारतात महिला फुटबॉलची स्वतंत्र संघटना स्थापन झाली. पुढे १९८० च्या जानेवारीत कालिकत येथे आशियाई स्पर्धा भरली. यजमान म्हणून भारताने दोन संघ उतरविले, एक दक्षिणेचा व एक उत्तरेचा. दक्षिणेचा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि तैवानकडून २-० असा हरला. आता एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. त्या वेळी जपानच्या महिला संघाने आपला पहिला आंतरराष्ट्रीय सामनाही खेळलेला नव्हता. तो त्यांनी १९८१ च्या जूनमध्ये खेळला, व तोही गमावला. चीन तर ह्या स्पर्धेत १९८६ साली प्रथम आला. स्पर्धेत तेव्हा संघ थोडे होते हे खरे. तरीही आशियात दुसरे स्थान ते दुसरे स्थानच. पुढे १९८३ साली आपण पुन्हा अंतिम सामना गाठला आणि थायलंडकडून हरलो. गोव्याची योलांदा डिसोझा, बंगालची शांती मलिक ही त्या पिढीतील नावे. शांती मलिकला १९८३ सालीच अर्जुन पुरस्कार मिळाला. हा मान मिळविणारी ती पहिली महिला फुटबॉलपटू. दुसरी, मणिपूरची बेमबेम देवी, हिला तो मिळण्यास २०१७ साल उजाडावे लागले.

मधल्या चौतीस वर्षांत काय घडले? जपानने २०११ साली जागतिक अजिंक्यपद जिंकले. आपला संघ मात्र दीड वर्षाहून अधिक काळ एकही सामना न खेळल्यामुळे २००९ साली जागतिक क्रमवारीतून चक्क गळाला. अंगात गुण नव्हता असे म्हणता येत नाही, कारण शेजारी राष्ट्रांच्या स्पर्धेत २०१० ते २०१९ पर्यंत आपण ओळीने पाच वेळा विजेते होतो. खेळाडू होत्या, त्यांना खेळविणारे नव्हते. सामने नाहीत, म्हणून सराव नाही. सराव नाही, म्हणून पराभव. आणि पराभव झाला की ‘मुलींच्या फुटबॉलवर खर्च कशाला?’ हा प्रश्न तयारच. असले रहाटगाडगे आपल्याकडे मुलींच्या शिक्षणाच्या बाबतीतही एके काळी फिरत होते.

आपल्या महाराष्ट्रात ह्या संघाची एक मोठी परीक्षा व्हायची होती. २०२२ च्या जानेवारीत आशिया चषक स्पर्धा मुंबई, नवी मुंबई व पुणे येथे भरली. २० जानेवारीस नेरूळच्या मैदानात, प्रेक्षकांवाचून, भारत व इराण ह्यांचा सामना ०-० असा बरोबरीत सुटला. त्यानंतर कोविडने संघात शिरकाव केला. पुढच्या सामन्यासाठी निदान तेरा खेळाडू तरी उभ्या कराव्या लागतात, त्याही उरल्या नाहीत. सामना रद्द झाला, संघ स्पर्धेबाहेर गेला, आणि २०२३ च्या जागतिक स्पर्धेची वाटही तेथेच बंद झाली. एकही पराभव न होता घरच्या मैदानावरून परतावे लागले, ह्याहून कटू ते काय?

त्या इराणी संघाविषयी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. कित्येक आयाबाप मला म्हणतात, ‘फादर, खेळाला ना नाही, पण तोकडे कपडे आम्हांला चालणार नाहीत.’ नेरूळला इराणच्या मुली डोके झाकून, पूर्ण बाह्या व लांब विजारी घालून खेळल्या आणि त्यांनी आपल्या संघाला एकही गोल करू दिला नाही. तेव्हा कपड्यांची सबब पुढे करण्यात अर्थ नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलींची जागतिक स्पर्धा भारतात झाली. अमेरिकेने आपल्याला ८-०, मोरोक्कोने ३-० व ब्राझीलने ५-० असे हरविले. वृत्तपत्रांनी आकडे छापले. परंतु संघाची कर्णधार अष्टम उराँव हिच्या घरची हकीकत मला त्या आकड्यांहून मोठी वाटते. झारखंडमधील गुमला जिल्ह्यातले तिचे खेडे. मुलगी कर्णधार झाली म्हणून सरकारने गावात रस्ता बांधावयास घेतला, आणि त्या रस्त्यावर तिचेच आईवडील रोजंदारीने राबत होते.

हे वाचताना मला आमच्या भागातील पडाव आठवले. दिवाळीच्या सुमारास डांग, नंदुरबार, धुळे ह्या भागांतून ऊसतोडणीची कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन सुरत जिल्ह्यात उतरतात. नवराबायको मिळून एक कोयता. कित्येकांची मुलेही बरोबर येतात आणि त्यांची शाळा गावीच राहते. नऊ-दहा वर्षांची मुलगी पडावावर धाकट्या भावंडांना सांभाळते, पाणी भरते, भाकरी भाजते. पायांत बळ किती आहे हे पाहावयाचे असेल, तर कडेवर मूल घेऊन शेताच्या बांधावरून पळणारी ही पोर पाहावी! अष्टमच्या घरात आणि ह्या पडावात अंतर फारसे नाही.

बळाबरोबर अन्नाचाही विचार हवा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गुजरातेतील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ६९ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी असल्याचे दिसले. पाहणीचा शब्द ‘रक्तक्षय’. नव्वद मिनिटांच्या सामन्यात खेळाडूला सुमारे दहा किलोमीटर धावावे लागते. रक्त पातळ असेल तर स्नायूंना प्राणवायू पुरत नाही. मुलगी अर्ध्या तासात दमते, आणि आपण म्हणतो, ‘मुलींना हा खेळ झेपत नाही.’ नाचणीची भाकरी, पालेभाजी, गूळ-शेंगदाणे, जमेल तेव्हा अंडे अथवा सुकट, आणि डॉक्टर सांगतील तर लोहाच्या गोळ्या. एवढे घरातल्या मुलाला मिळते, तेवढे मुलीलाही मिळावे.

बांगलादेशाने काय केले, पाहा. २०११ पासून तेथे प्राथमिक शाळांतील मुलींसाठी देशभर फुटबॉल स्पर्धा सुरू झाली. मैमनसिंग जिल्ह्यातील कोलसिंदूर ह्या खेड्यातील शाळेच्या मुलींनी ती लागोपाठ जिंकली आणि त्यांतल्या अनेक जणी राष्ट्रीय संघात गेल्या. जी शेजारी राष्ट्रांची स्पर्धा आपण पाच वेळा जिंकली होती, ती २०२२ व २०२४ साली बांगलादेशाने नेली; २०२६ च्या आशिया चषकासाठीही तो देश प्रथमच पात्र ठरला. राष्ट्रीय संघाचे शिबिर महिना-दोन महिन्यांचे असते. खेळाडू घडते ती दहाव्या वर्षी, शाळेच्या पटांगणात.

आमच्याकडे पटांगणे आहेत. रविवारी संध्याकाळी तेथे मुलगे खेळतात आणि मुली कडेला बसून त्यांच्या चपला सांभाळतात. आठवड्यातून दोन संध्याकाळी ते पटांगण केवळ मुलींसाठी राखून ठेवावे, पडावावरच्या मुलींनाही बोलवावे आणि धाकट्या भावंडांना घेऊन या असे त्यांना आधीच सांगावे, म्हणजे त्या येतील. भावंडांजवळ बसावयास महिला मंडळातील दोघी पुरेत. बारा वर्षांखालच्या मुलींना मोठा, पाच क्रमांकाचा चेंडू देऊ नये. चार क्रमांकाचा आणावा. पाच-पाच जणींचा डाव मांडला तर अर्धे पटांगणही पुरते. हवा भरण्याच्या पंपाची सुई लवकर मोडते, म्हणून चेंडूबरोबर दोन सुया घ्याव्यात.