पडला कुठे, ठेच कुठे लागली

न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे अकरा वाजतात, तेव्हा उन्हाळ्यात ऐरोलीत सकाळचे साडेआठ झालेले असतात. मुरबाडहून पहाटेच्या एसटीने कल्याण गाठायचं, ठाण्याला गाडी बदलायची आणि ऐरोलीच्या ऑफिसात जागेवर बसायचं. तोवर तिकडच्या बँकेचा दिवसभराचा हिशेब मेनफ्रेमवर चढलेला असतो. व्याज, हप्ते, पेन्शन, एकामागून एक जॉब. आणि मध्येच एक जॉब आडवा होतो. पडद्यावर चार अक्षरं उमटतात: एस, शून्य, सी, सात. या धंद्यातली मंडळी त्याला ‘सॉक-सेव्हन’ म्हणतात.

अर्थ एवढाच, की जिथे आकडा हवा होता तिथे आकडा नाही. आयबीएमचं मेनफ्रेम रक्कम साठवताना एका बाइटमध्ये दोन अंक बसवतं आणि शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये जमा की वजा याची खूण ठेवतं. अधिक १२५ ही रक्कम १२ आणि ५सी अशी दोन बाइटांत मावते. त्यातला ‘सी’ म्हणजे जमा. आता त्या जागी कुणी रिकाम्या जागा भरल्या, तर काय होईल? या यंत्रात रिकाम्या जागेचाही एक संकेत आहे, ४०. म्हणजे तिथे ४० ४० असं उमटतं, आणि खुणेच्या जागी शून्य येतं. शून्य ही खूण नव्हे. यंत्र बेरीज करायलाच नकार देतं.

हा हट्टीपणा मोलाचा आहे. अंदाजाने काहीतरी बेरीज करून यंत्र पुढे गेलं असतं, तर चुकीची पेन्शन खात्यात जमा झाली असती आणि महिनाभर कुणाला पत्ताही लागला नसता.

थांबताना यंत्र स्मृतीतला मजकूर बाहेर ओततं. हाच डंप. पूर्वी तो पट्ट्यापट्ट्यांच्या कागदाचे गठ्ठे भरून छापून येई. सगळं सोळाच्या अंकपद्धतीत: नवानंतर ए, बी, सी, असं एफपर्यंत. त्या जंगलात पहिला माग काढायचा तो यंत्र कुठल्या पत्त्यावर थांबलं याचा. त्यातून प्रोग्रामच्या सुरुवातीचा पत्ता वजा करायचा, उरलेला आकडा कंपायलरच्या यादीत शोधायचा, की कोबोल भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामची ओळ सापडते. तीही एक पायरी मागे येऊन, कारण सॉक-सेव्हनमध्ये नोंदलेला पत्ता पुढच्या आज्ञेचा असतो.

पण ओळ सापडली म्हणजे चोर सापडला, असं नाही.

मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेत समजा ५० दुकानांच्या जागा आखल्या आणि एक्कावन्नावा दुकानदार आला. तो शेजारच्या शेतात तंबू ठोकतो आणि त्या रात्री कुणी काही बोलत नाही. ओरड होते ती सकाळी शेतकरी बांधावर आल्यावर. कोबोलमध्येही ५० नोंदींचा तक्ता ठेवला आणि मर्यादा न तपासता ५१वी नोंद लिहिली, की ती शेजारच्या रकान्यावर जाऊन बसते. प्रोग्राम चालत राहतो. हजार ओळींनंतर कुणीतरी तो रकाना बेरजेला घेतं, आणि तिथे तो कोसळतो. म्हणूनच काही प्रोग्राम महिनाअखेरीलाच पडतात: इतर दिवशी ५१वी नोंद येतच नाही. त्याहून छळवादी प्रकार म्हणजे तपासासाठी एखादी छापायची ओळ घालावी आणि दुखणंच गायब व्हावं. नव्या ओळीमुळे स्मृतीतली मांडणी सरकलेली असते. घाव आता दुसऱ्याच, निरुपयोगी जागेवर पडतो.

डंपला ‘कोअर डंप’ही म्हणतात; त्यातला कोअर म्हणजे फेराइटची बारीक कडी. तशा कड्यांची स्मृती मुंबईतही घडली: टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या, १९६० साली सुरू झालेल्या टिफ्रॅक या संगणकात २०४८ शब्द मावत, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. पुढे, १९६८ साली मुंबईत सुरू झालेल्या टीसीएसने सत्तरच्या दशकात बरोज कंपनीच्या एका यंत्रमालिकेचं कोबोल दुसऱ्या मालिकेसाठी बदलून देण्याचं काम घेतलं. हाताशी यंत्र होतं ते आयसीएल १९०३, वेगळ्याच कंपनीचं. समोर नसलेल्या यंत्रावर आपली ओळ कशी वागेल, हे डोक्यात चालवून पाहण्याची सवय अशाच कामातून लागते.

आज डंप कागदावर येत नाही आणि अवजारं पुष्कळ सुधारली आहेत. ओळ क्षणात दिसते. तो रकाना कुणी बिघडवला, हे मात्र अजूनही माणसालाच उलटं चालत जाऊन शोधावं लागतं: आधीच्या जॉबने लिहिलेली फाइल, त्याआधीची फाइल, सुरुवातीला शून्य भरायला विसरलेला एखादा रकाना. सापडलं की बिघडलेली नोंद बाजूला काढायची, अडलेल्या पायरीपासून जॉब पुन्हा सोडायचा आणि बघत बसायचं. तिकडे सकाळचे सात, म्हणजे इथे दुपारचे साडेचार. तोवर हिशेब पुरा झाला, तर संध्याकाळची मुरबाडची एसटी मिळते.